गांवची शाळा आणि गांवचे लोक

शहादा शहराला लागूनच लोणखेडा हें गांव आहे. दक्षिणेस तापीचें सुपीक खोरें, उत्तरेस सातपुड्याची रांग, आणि मधल्या सपाटीवर ऊस, केळी, कापूस व पपई यांचीं शेतें, असा हा नंदुरबार जिल्ह्याचा शहादा तालुका. लोणखेड्याचें नांव जिल्ह्यांत घेतलें जातें तें मुख्यतः तेथील महाविद्यालयांमुळें. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या या संस्थांत सपाटीवरचीं आणि डोंगरांतील पाड्यांवरचींहि मुलें-मुली शिकावयास येतात. ज्या गुरुजींचें नांव मंडळानें धारण केलें, त्यांनीं १९२४ ते १९३० या काळांत याच खानदेशांत, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत, अध्यापन केलें होतें.

उच्च शिक्षणाची अशी सोय जेथें आहे, तेथेंहि एक प्रश्न शिल्लक राहतो. महाविद्यालयाच्या दारापाशीं पोंचण्यापूर्वीं मुलाला आणखी एका दारांतून जावें लागतें. तें दार म्हणजे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. लोकांच्या तोंडीं नुसती 'मराठी शाळा'. २०११ च्या जनगणनेंत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता शेंकडा ६४ च्या थोडी वर भरली. त्या वेळीं साऱ्या महाराष्ट्राची सरासरी शेंकडा ८२ होती, आणि राज्यांतील सर्व जिल्ह्यांत नंदुरबारचा क्रमांक अखेरचा होता. जिल्ह्याच्या लोकसंख्येंत आदिवासींचें प्रमाण शेंकडा ६९ आहे. ज्या घरांत वाचणारें पहिलें माणूस म्हणजे सात वर्षांचें मूल, अशीं घरें या भागांत पुष्कळ आहेत. त्या मुलाला अभ्यास सांगणारें घरीं कोणी नसतें. तें वाचावयास शिकेल कीं नाहीं, हें सर्वस्वी मराठी शाळेवर आणि तिच्या भोंवतीं जमलेल्या माणसांवर अवलंबून असतें.

आतां हीं माणसें कोणतीं, हाच आजचा मुद्दा आहे. पूर्वीं गांवांत एकच शाळा असे. पाटलाचा मुलगा, दुकानदाराचा मुलगा आणि सालदाराचा मुलगा एकाच खोलींत बसत. सालदाराचा मुलगा तेथें फार दिवस टिकत नसे हें खरें, आणि त्याला कोठें बसवीत याच्या आठवणीहि सर्वच गोड नाहींत. तथापि मास्तर आठ दिवस आले नाहींत तर पाटील चौकशी करी, छप्पर गळलें तर दुकानदार दोन पत्रे पाठवी, आणि त्याचा लाभ सालदाराच्या मुलासहि मिळे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हें चित्र पालटलें. ज्यांच्या हातीं चार पैसे आले त्यांनीं आपलीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत घातलीं. शहरांत ही फारकत याहून जुनी आहे. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांपैकीं कितीजणांचीं मुलें आज महापालिकेच्या शाळेंत जातात? आईबापांना यासाठीं दोष देण्याचें कारण नाहीं; आपल्या मुलाचें हित पाहणें हा त्यांचा धर्मच आहे. परंतु मुलांबरोबर त्यांच्या घरची विचारपूसहि शाळेंतून निघून गेली, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं आली नाहीं. आज शाळेंत उरलीं आहेत तीं बव्हंशीं अशा घरचीं मुलें कीं ज्यांचे आईबाप दिवाळी होतांच ऊसतोडीला निघतात. चौकशी करावयास त्यांच्यापाशीं वेळ नाहीं, आणि केली तर ती ऐकून घेतली जाईल असा भरंवसाहि नाहीं.

तेव्हां, ज्यांचीं मुलें त्या शाळेंत जात नाहींत त्यांनीं शाळेसाठीं काय करावें, हा प्रश्न आईबापांच्या कर्तव्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाला महाराष्ट्रांत जुनीं आणि भक्कम उत्तरें आहेत. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग राजेलोकांनीं केला. सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत आरंभ करून १९०६ मध्यें तो सर्व बडोदें संस्थानास लागू केला. शाहू छत्रपतींनीं १९१७ मध्यें करवीर संस्थानांत तसाच हुकूम काढला. ब्रिटिश मुलखांत गोखल्यांनीं १९११ मध्यें मांडलेलें विधेयक मात्र पुढल्या वर्षीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें. ज्या मुलखांत सरकार पुढें येत नव्हतें तेथें लोकांनाच पुढें यावें लागलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें कऱ्हाडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, तिच्यामागें ना संस्थानिकाचा खजिना होता ना कोणा शेटजीची थैली. साताऱ्याच्या वसतिगृहांतील मुलांच्या जेवणाची पंचाईत पडली तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रहि, मोडलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. तिच्याहून कमी सांगितली जाते ती मुष्टिफंडाची गोष्ट. दळावयास बसतांना गृहिणीनें रोज एक मूठ धान्य बाजूला काढावें, तें गोळा करून आणावें, आणि त्यावर वसतिगृहांतील मुलांची भाकरी चालावी, अशी ही रीत. या रीतीचें मर्म असें कीं मूठभर धान्य न देण्याइतकें गरीब घर गांवांत क्वचितच असतें. देणारी बाई रोज, जात्यापाशीं बसतांना, त्या मुलांची आठवण करी. वर्षाला एकदां दिलेल्या मोठ्या देणगीनें हें साधत नाहीं. पुढें १९३८ च्या सुमारास मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळानें लोकांनीं स्वेच्छेनें चालविलेल्या शाळांना अनुदान देण्याचें धोरण घेतलें, तेव्हां रयत संस्थेनें खेड्यापाड्यांत आणि डोंगरकपारींत अशा शाळा काढण्याचा सपाटा लावला आणि त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली.

ज्या जिल्ह्याची येथें गोष्ट चालली आहे, त्या जिल्ह्यांतहि लोकांनीं शाळा उभारल्याचें उदाहरण आहे. सातपुड्याच्या ऐन गाभ्यांत, नर्मदेच्या कांठीं, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील कित्येक गांवीं सरकारी शाळा कागदावर होत्या. शिक्षक डोंगर चढून क्वचितच येत. १९९०-९२ च्या सुमारास नर्मदा बचाव आंदोलनाच्या गांवकऱ्यांनीं चिमलखेडी आणि निमगव्हाण येथें 'जीवनशाळा' काढल्या. लांकडें, कुडाच्या भिंती, छप्पर हें सारें गांवानें आपल्या हातांनीं केलें. शिकविणारे तरुण तेथलेच, मुलांची बोली जाणणारे. धरणाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. ज्या गांवांत शाळा टिकत नाहीं असा सरकारी शेरा होता, तेथें ती टिकली.

मग मधल्या काळांत असें काय झालें कीं सपाटीवरच्या सुखवस्तु गांवांना शाळा परकी वाटूं लागली? याचें एक कारण चांगलेंच आहे. १९२३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हातीं गेल्या. १९४७ मध्यें नवा कायदा आला. आणि १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा स्थापन होऊन गांवोगांवच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षकाचा पगार सरकार देऊं लागलें, पुस्तकें सरकार देऊं लागलें, दुपारचें जेवणहि सरकार देऊं लागलें. हें सर्व व्हावयासच हवें होतें. परंतु त्याबरोबर 'शाळा सरकारची' हा समज रुजला, आणि मुठीचें धान्य जेथून येत असे तें मनहि हळूहळू दूर झालें.

ही तुटलेली गांठ पुन्हा बांधावी म्हणून २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला, प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती नेमणें बंधनकारक केलें. समितींत तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणांत जागा असावी, असें कायदा सांगतो. महाराष्ट्रांत अशा समितीचे साधारण बारा ते सोळा सभासद असतात, अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतो, आणि बैठक दरमहा व्हावयाची असते. शाळेचा विकास आराखडा करणें, आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणें, शिक्षक वेळेवर येतात कीं नाहीं आणि शाळेबाहेर राहिलेलीं मुलें किती यांवर लक्ष ठेवणें, हीं तिचीं कामें. कागदावर पाहिलें तर गांवच्या हातीं याहून अधिक अधिकार पूर्वीं कधींच नव्हता.

कागद आणि गांव यांत अंतर किती असतें, याचा एक नामांकित पडताळा उत्तर प्रदेशांत घेतला गेला. जौनपूर जिल्ह्यांत २००५-०६ च्या सुमारास 'प्रथम' ही संस्था आणि पुढें २०१९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी व एस्तेर द्युफ्लो यांनीं मिळून गांवोगांव पाहणी केली. शंभरांतील नव्वदांहून अधिक पालकांना आपल्या गांवांत शिक्षण समिती आहे याची वार्ताच नव्हती. त्याहून मौजेची, किंवा खेदाची, गोष्ट अशी कीं समितीच्या सभासदांपैकींहि जवळजवळ चौथ्या हिश्शाला आपण सभासद असल्याचें ठाऊक नव्हतें! मग कांहीं गांवांत सभा भरवून लोकांना त्यांचे अधिकार समजावून देण्यांत आले. वर्षानंतर मोजून पाहिलें तों शाळेंत वा मुलांच्या वाचनांत कांहींच फरक नव्हता. दुसऱ्या कांहीं गांवांत मात्र याशिवाय एक साधी गोष्ट केली होती. गांवांतील तरुण स्वयंसेवकांना थोडें शिकवून शाळेबाहेर वाचनवर्ग भरविले. त्या वर्गांना जीं मुलें आलीं त्यांचें वाचन स्पष्टपणें सुधारलें. उणीव एकच राहिली. अशीं मुलें शंभरांत जेमतेम आठ होतीं.

त्याआधींचा दुसरा प्रयोग मराठी माणसाच्या अधिक जवळचा आहे, कारण तो मुंबई आणि बडोदें या शहरांतील पालिका-शाळांत झाला. तिसरी-चौथींत असून ज्यांना वाचतां येत नाहीं अशीं पंधरा-वीस मुलें निवडावयाचीं, शाळेच्या वेळांतच रोज दोन तास त्यांना वेगळें बसवावयाचें, आणि त्याच वस्तींतील शिकलेल्या तरुणीनें त्यांना अक्षरें, बेरीज-वजाबाकी यांपासून पुन्हा शिकवावयाचें, ही ती योजना. तिला नांव होतें 'बालसखी'. या मुलींना दोन आठवड्यांचें शिक्षण देत, आणि मानधन महिन्याला पांचशें ते साडेसातशें रुपये. २००१ ते २००३ या काळांत तिची कसून तपासणी झाली. बालसखीकडे गेलेल्या मुलांनीं चांगली प्रगति केली, आणि तींतहि जीं सर्वांत मागें होतीं त्यांनीं अधिक. उलट, हीं मुलें बाहेर गेल्यामुळें वर्गांतील गर्दी कमी झाली, तरी मागें राहिलेल्यांचा विशेष फायदा झाल्याचें दिसलें नाहीं. म्हणजे गुण आला तो गर्दी कमी झाल्याचा नव्हता. कोणी तरी त्या मुलाच्या पायरीवर उतरून त्याच्याजवळ बसलें, त्याचा तो गुण होता.

या दोन प्रयोगांचा लोणखेड्याशीं संबंध कसा पोंचतो तें आतां पाहतां येईल. ज्या गांवीं महाविद्यालयें आहेत तेथें राष्ट्रीय सेवा योजनेचीं पथकें असावयाचींच. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, देशांतील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यांतील विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी, असा नियम आहे. हे तास बहुधा रस्ता झाडणें, प्रभातफेरी काढणें, फलक रंगविणें यांत खर्च होतात. झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशीं पुन्हा घाण होतो. वाचावयास शिकलेलें मूल पुन्हा निरक्षर होत नाहीं. शंभर विद्यार्थ्यांच्या एका पथकाचे वर्षाला बारा हजार तास होतात. त्यांतले निम्मे जरी जवळच्या मराठी शाळांतील मागें पडलेल्या मुलांपाशीं बसण्यांत गेले, तरी पुष्कळ काम होईल. आणि त्या विद्यार्थ्यांतले कित्येकजण स्वतः अशाच शाळांतून आलेले असल्यामुळें त्यांना तें अवघडहि जाऊं नये.

अशा कामाला विद्वत्ता लागत नाहीं. पेन्शनर गृहस्थ, घरची सून, दहावी झालेली मुलगी, कोणीहि तें करूं शकतें. प्रथम मूल कोठें आहे हें पाहावें. एका कागदावर थोडीं सुटीं अक्षरें, कांहीं साधे शब्द, चार ओळींचा सोपा उतारा आणि एक लहानशी गोष्ट लिहावी. मूल अक्षरांपाशीं अडतें, शब्दांपाशीं अडतें कीं उताऱ्यापाशीं, हें पांच मिनिटांत कळतें. २००५ पासून 'असर' या नांवानें देशभर होणारी पाहणी याच रीतीनें, स्थानिक स्वयंसेवकांकडून, होत आली आहे. मग जेथें अडलें तेथूनच आरंभ करावा. पुस्तक मुलाच्या हातीं द्यावें, आणि मोठ्यानें वाचवून घ्यावें. तें अडलें तर क्षणभर थांबावें, लगेच शब्द पुरवूं नये. न जमलें तर शब्द सांगून पुढें जाऊं द्यावें. रागावूं नये. आठवड्यांतून तीन दिवस, ठरलेल्या वेळीं, हें व्हावें. ठरल्या दिवशीं न येणारा स्वयंसेवक हा मुळींच नसलेल्या स्वयंसेवकाहून वाईट, कारण मूल वाट पाहत बसतें.

येथें भाषेची एक अडचण आहे, तिचा विचार शहरांतील लोक क्वचितच करतात. शहादा-तळोद्याच्या भागांत घरोघरीं बोलल्या जाणाऱ्या भाषा म्हणजे भिल्ली, पावरी, अहिराणी, गुजरी. नवापूरकडे गेलें तर मावची. पहिलींत आलेल्या पावरा मुलाला पुस्तकांतली मराठी ही जवळजवळ परभाषा असते. गुरुजी नाशिक-जळगांवकडचे असले तर दोघेहि एकमेकांकडे पाहत राहतात, आणि मूल मंद आहे असा निष्कर्ष निघतो. अशा ठिकाणीं दोन्ही भाषा जाणणारी गांवातली एखादी थोरली मुलगी महिनाभर वर्गांत येऊन बसली, तर तिची मदत पंचवीस हजारांच्या यंत्राहून मोलाची ठरते. आजीबाईंना बोलावून त्यांच्या बोलींतील गोष्टी सांगवाव्यात, त्या मुलांनीं पाटीवर उतरून घ्याव्यात, आणि शिक्षकांनीं त्यांतले शब्द टिपून ठेवावेत; यांत शिक्षकहि शिकतो आणि आजीचाहि मान राहतो.

यंत्राचा उल्लेख सहज आला नाहीं. २०१५ नंतर महाराष्ट्रांत शाळा 'डिजिटल' करण्याची मोठी लाट आली, आणि लोकवर्गणींतून पडदे, संगणक, प्रक्षेपक घेतले गेले. ठाणें जिल्ह्यांतील पाष्टेपाड्यासारख्या लहानशा शाळेनें त्याआधींच तें करून दाखविलें होतें, आणि तेथें तें शोभलेंहि. परंतु पाहून केलेल्या गोष्टींचें जें होतें तेंच पुष्कळ ठिकाणीं झालें. वर्गणी यंत्र घेण्यापुरती जमली. विजेचें बिल दरमहा कोण भरणार, हें कोणी ठरविलें नाहीं. समग्र शिक्षा योजनेंतून शंभरांपर्यंत पट असलेल्या शाळेला मिळणारें वार्षिक अनुदान पंचवीस हजारांच्या पलीकडे जात नाहीं. त्यांतच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीज. बिल थकलें, जोडणी तुटली, पडदा गुंडाळून कपाटांत गेला. येथें मुष्टिफंडाची आठवण होते. पंचवीस घरांनीं महिन्याला वीस-वीस रुपये द्यावेत, हें एका दात्याच्या पन्नास हजारांपेक्षां शाळेला अधिक उपयोगी पडतें. पण वीस रुपयांवर नांव रंगवितां येत नाहीं. शाळेला भेट दिलेल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचें नांव, गांव आणि कोणाच्या स्मरणार्थ हें लिहिलेलें असतें, आणि पंखा फिरूं लागला म्हणजे त्यांतलें एकहि वाचतां येत नाहीं, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

देणगीच्या बाबतींत आणखी एक पथ्य आहे. शिक्षकाची जागा रिकामी राहिली, कीं गांवकरी वर्गणी काढून एखादा पदवीधर मुलगा तात्पुरता नेमतात. मुलांचें वर्ष बुडूं नये म्हणून हें करावें. परंतु त्यावर समाधान मानूं नये. कायद्याप्रमाणें साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदांपर्यंत तीन, एकशेंवीसांपर्यंत चार हे शाळेचे हक्काचे आहेत. हा हिशेब गांवांत दहा माणसांना पाठ असावा, ग्रामसभेंत तो मोठ्यानें म्हटला जावा, आणि ठराव पंचायत समितीकडे लेखी जावा. अर्ज लिहिणें, त्याची पोंच घेणें, पंधरा दिवसांनीं पुन्हा जाऊन विचारणें, हीं कामें ऊसतोड मजुराला जमत नाहींत. वकील, तलाठी, प्राध्यापक, बँकेंतील कारकून यांना तीं सहज जमतात. २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें 'दत्तक शाळा' योजना काढून धनिकांना व कंपन्यांना पांच किंवा दहा वर्षें शाळेचा भार उचलण्याचें आवाहन केलें, तेव्हां सरकार आपली जबाबदारी झटकीत आहे अशी टीका झाली. ती टीका अगदींच अस्थानीं नव्हती. शाळेला मदत हवी ती सरकारच्या देण्यावर भर म्हणून. देण्याच्या ऐवजीं नव्हे.

या भागांतील शाळेपुढचें सर्वांत अवघड काम मात्र दिवाळीच्या सुमारास उभें राहतें. मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें ऊसतोडीला निघतात. दक्षिण गुजरातेंतील साखर कारखान्यांकडे धुळें-नंदुरबारचे मजूर जाण्याचा प्रघात जुना आहे. नवराबायको मिळून एक 'कोयता'. आणि कोयत्याबरोबर धाकट्याला सांभाळावयास आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी जाते. ती परत येते उन्हाळ्याच्या तोंडाशीं. तोंवर वर्ष संपलेलें असतें. यावर सरकारची एक चांगली योजना आहे, ती म्हणजे हंगामी वसतिगृह. मूल गांवींच आजीआजोबांपाशीं किंवा नातलगांकडे राहतें आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था अनुदानांतून शाळा व्यवस्थापन समिति करते. ज्याला जावेंच लागतें त्याच्यासाठीं शिक्षण हमी कार्ड आहे. तें दाखविलें म्हणजे परगांवच्या शाळेनें त्याला वर्षाच्या मध्यावरहि बसवून घ्यावयाचें असतें.

पण योजना कागदावरून ताटांत उतरावयाची तर माणसें लागतात. सायंकाळचा स्वयंपाक कोण करणार, रात्रीं ताप आलेल्या मुलाला दवाखान्यांत कोण नेणार, आणि मुख्य म्हणजे आईबापांचें मन कोण वळविणार? 'तुमची पोर आमच्या डोळ्यांसमोर राहील' असें सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास बसला पाहिजे. या तालुक्यांत तो आपोआप बसेल असें समजूं नये. १९७१-७२ पासून शहादा-तळोद्याच्या याच पट्ट्यांत भिल्ल शेतमजूर आणि जमीनदार यांचा जमिनी आणि मजुरी यांवरून तीव्र संघर्ष झाला. श्रमिक संघटनेची चळवळ त्यांतूनच उभी राहिली. त्या काळच्या आठवणी दोन्हीकडच्या घरांत आहेत. शाळेची समिति ही गांवांतल्या अशा थोड्या जागांपैकीं एक आहे, कीं जेथें बागायतदार आणि मजूर एकाच सतरंजीवर बसतात आणि बोलणें दोघांच्याहि मालकीच्या नसलेल्या गोष्टीविषयीं असतें.

तेथें मजूर यावा, आणि मजुराची बायको यावी, यासाठीं बैठकीची वेळ आधीं बदलावी लागते. सकाळीं अकराची बैठक म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणें. म्हणून ती सायंकाळीं, कामावरून परतल्यावर, आणि शक्य तर त्यांच्याच वस्तींत भरवावी. निरोप चिठ्ठीनें पाठवूं नये, तोंडीं द्यावा. जमाखर्च वाचून दाखवावा, वीस रुपयांची पावतीहि फाडावी, आणि महिन्याचा हिशेब शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनें लिहावा. ज्यांचीं मुलें दुसरीकडे शिकतात अशा शेजाऱ्यांना समितींत मत नसलें, तरी बैठकीस येऊन बसण्यास कोणी आडकाठी करीत नाहीं. शहरांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठीं तर केंद्र सरकारनें २०२१ मध्यें 'विद्यांजलि'च्या नव्या संकेतस्थळावर सोयहि केली आहे, तेथें शाळा आपली गरज नोंदविते आणि कोणीहि आपला वेळ वा वस्तु देऊं करतो.

सप्टेंबरच्या बैठकींत एक वही काढावी. तींत स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक घरचें नांव, मुलांचीं नांवें व इयत्ता, मूल गांवीं राहिलें तर कोणाच्या घरीं जेवणार आणि निजणार, नेलें तर कोणत्या कारखान्यावर आणि हमी कार्ड कोणीं हातीं दिलें, इतके रकाने पुरेत. शेवटच्या रकान्यांत गांवांतल्या अशा एका माणसाचें नांव असावें कीं जो मार्चपर्यंत दर आठवड्याला त्या मुलाची खबर घेईल. अनुदानाचा प्रस्ताव वेळेवर जावयाचा तर ही वही दसऱ्यापूर्वीं पुरी झालेली असावी, कारण मुकादमाच्या गाड्या दिवाळीचा फराळ संपेपर्यंतच काय त्या थांबतात.